कावळा ऐकू येतो, बाई नाही

आमच्या ऑफिसच्या घरमालकांना व्हिडिओ बघायची बिलकूल आवड नव्हती. तरी सबंध पनवेलात त्यांच्याइतके व्हिडिओ दुसऱ्या कोणी बघितले नसतील. बघितले म्हणजे प्रत्येकी पाच सेकंद. चित्र उमटलं, आवाज आला, मोबाईल आडवा केला तरी चित्र राहिलं, मधेच फोन आला आणि कापला तरी पुन्हा सुरू झालं, की त्यांचं काम संपलं. आत कोण काय शिकवतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. "पास," असं म्हणून ते पिशवीतला पुढचा मोबाईल काढायचे.

आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. पनवेलकडे ज्याची जमीन गेली आणि बिल्डिंग उभी राहिली तो आपोआप शेठ होतो, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. साठीच्या आसपासचे, ठेंगणे, पांढरा शर्ट आणि पांढरी पँट. गळ्यातली जाड साखळी ते काम करताना शर्टाच्या आत टाकायचे, कारण ती काचेवर आपटते. खांदा कॉलनीत त्यांच्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर आमचं चार माणसांचं ऑफिस होतं. शाळा अर्धवट सुटलेली माणसं मोठेपणी बाहेरून दहावीला बसतात, त्यांच्यासाठी आम्ही धडे रेकॉर्ड करून वेबसाइटवर टाकायचो. तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या बायका, उरणच्या बंदरातले ड्रायव्हर, चिरनेरकडच्या सुना, असे आमचे विद्यार्थी. वेबसाइट माझ्याकडे होती, म्हणजे 'व्हिडिओ चालत नाही' ही तक्रारही माझ्याकडेच. मी नुकती इंजिनिअर झाले होते. जगातल्या बहुतेक तक्रारी तक्रार करणाऱ्याच्या अडाणीपणातून येतात, अशी माझी तेव्हा ठाम समजूत होती.

शेठ पहिल्यांदा वर आले ते हातात एक जुनाट मोबाईल घेऊन. भाडेकरूंना भिंतीत खिळा ठोकायची बंदी होती आणि आम्ही नुकतंच एक घड्याळ टांगलं होतं, त्यामुळे आम्ही चौघंही एकदम उठून उभे राहिलो. शेठनी घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही.

"माज्या बायकोचा मोबाईल हाय," ते म्हणाले. "तुमचा मराठीचा धडा अर्ध्या तासापासून गोल फिरतोय."

मी तो व्हिडिओ माझ्या लॅपटॉपवर लावून दाखवला. लगेच सुरू झाला. मी म्हटलं, "बघा, माझ्याकडे चालतोय."

शेठ खुर्ची ओढून बसले. "बाय, तुज्याकडं चालतंय हा जबाब नाय. ती बढाई हाय. धडा तुना शिकायचा हाय का तिना?"

मला रागच आला, पण घरमालक होते. तासभर शोधल्यावर घोडं कुठं पेंड खातंय ते कळलं. व्हिडिओच्या फाईलमध्ये एक अनुक्रमणिका असते, आणि आमच्या फाईलींत ती शेवटी राहून गेली होती. नवे फोन पुढे डोकावून ती वाचून घ्यायचे. शेठच्या बायकोचा, म्हणजे आमच्या काकूंचा, जुना फोन बिचारा सगळी फाईल उतरेपर्यंत वाट बघत बसायचा. शेठ म्हणाले, "म्हंजे पुस्तक उलटा बांधला व्हता." मी हो म्हटलं. ते उठले, खाली गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कापडी पिशवीत सात मोबाईल घेऊन परत आले. त्यानंतर अडीच वर्षं ते रोज आले. त्यांना कोणी नेमलं नव्हतं.

काकू दहावीला का बसत होत्या, हे शेठनी मला दुसऱ्याच आठवड्यात जिन्यात सांगून टाकलं. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या तेव्हा त्यांचं लग्न नुकतं झालं होतं. कचेरीत भली मोठी रांग, कागदावर नवरा-बायको दोघांच्या सह्या. कारकुनानं विचारलं, बाईंचं शिक्षण? काकू आठवी पास होत्या, नववीत असताना लग्न झालेलं. पण त्या तोंड उघडायच्या आत शेठनीच सांगून टाकलं, "लिवा, अशिक्षित." रांग पुढे सरकावी म्हणून. काकूंनी सही केली, इंग्रजीत, आणि घरी येऊन काही बोलल्या नाहीत. तीस वर्षं बोलल्या नाहीत. मग सून आली, ती पदवीधर. नातवाच्या शाळेच्या फॉर्मवर सगळ्यांची शिक्षणं लिहायची होती, तेव्हा काकू सुनेला म्हणाल्या, "माजा 'अशिक्षित' लिव, सरकारात तसाच हाय." शेठ बाजूलाच बसले होते.

"तवा माना कलला, का ती इसरली नाय," शेठ म्हणाले. "मी बी इसरलो नव्हतो. माना वाटायचा, ती इसरली आसल." दुसऱ्या दिवशी त्यांनीच जाऊन दहावीचा फॉर्म आणला. बाकीच्या विषयांची काकूंना भीती नव्हती. गणिताची होती. गणितात पास झाल्या तर तो एक शब्द पुसला जाणार होता, आणि शेठना तो पुसलेला बघायचा होता. आमच्या वेबसाइटवर त्यांचं जे काही प्रेम होतं ते एवढ्यापुरतंच.

पिशवीतले मोबाईल सातावरून बावीसवर गेले. नात्यात कोणी नवा घेतला की शेठ त्याचा जुना उचलायचे. कंपनीच्या नावानं त्यांनी एकाही मोबाईलला कधी ओळखलं नाही. हा उलव्याच्या भाच्याचा, हा मोठ्या बहिणीचा, हा साडूचा, 'याला तापाची सवय हाय'. साडूच्या मोबाईलवर व्हिडिओ चालला तर जगात कुठेही चालेल, असा त्यांचा सिद्धांत होता, आणि तो कधी खोटा ठरला नाही. एक आयफोन होता, धाकट्या मुलाचा. त्यावर आमचा व्हिडिओ आपोआप सुरू व्हायचा पण मुका. आवाजासाठी बोटानं दाबावं लागायचं. मी ती कंपनीची दादागिरी म्हणून चिडले होते. शेठना ते आवडलं. "बराबर हाय. दुसऱ्याच्या घरात शिरलास त पयलं गप बसायचा. बोल बोल्ल्याव बोलायचा."

तरुणपणी ते गावात टीव्हीचे अँटेने बसवायचे. कौलांवर चढून वरून 'आला का?' ओरडायचे आणि खालून अख्खं घर 'मुंग्या, मुंग्या' म्हणून ओरडायचं. "तवा मुंग्या यायच्या, आता गोल फिरतो. येवराच फरक," ते म्हणायचे. ऑफिसात बसून तपासणं त्यांना मान्य नव्हतं. विद्यार्थी काय तुमच्या एसीत बसून शिकतात का, असं म्हणून ते पिशवी उचलायचे आणि निघायचे. मग मला फोन. "बाय, मी मच्छी मार्केटात हाय, गोल फिरतोय." "बाय, उरण नाक्याव हाय, चालतोय पन चौकट्या-चौकट्या दिसतान." एकदा चाळीस मिनिटं फोन नाही म्हणून मी काळजीनं लावला, तर ते लिफ्टमध्ये वरखाली करत होते. तिथे व्हिडिओ तुटतो आणि बाहेर आल्यावर तो आपसूक सुरू व्हायला हवा की नाही, यावर त्यांनी तिथूनच माझ्याशी वाद घातला.

फॉल्ट ते भिंतीवर लिहायचे. बिल्डिंग त्यांची, त्यामुळे खिळ्याची बंदी दुसऱ्यांना. जिन्याच्या पांढऱ्या भिंतीवर शिसपेन्सिलीनं, खालपासून वरपर्यंत: 'मोठी बहीण – चित्र काला – आवाज हाय.' 'साडू – आडवा केला – बंद.' 'भाचा – दुसरा ब्राउजर – पास.' मी तो फॉल्ट दुरुस्त केला की ते येऊन त्यावर एक रेघ मारायचे. पुसायचे नाहीत. ऑफिसला येताना मला रोज माझ्या चुकांमधून चढून यावं लागायचं. तेव्हा याचा मला संताप यायचा. गेल्या वर्षी मी सहज त्या जिन्यात गेले, तर सगळा जिना फिकट पिवळा रंगवलेला. मी दोन पायऱ्या चढून तिथेच बसले. इतकं रडू येईल असं मला वाटलं नव्हतं.

त्यांचा एक नियम मी अजून पाळते. मोबाईल बंद करून चालू करा, हे वाक्य त्यांना चालायचं नाही. "बंद करून चालू केला का चोर पलून जातो. मंग म्हनायचा चोरी झालीच नाय." आधी विचार, कशावर बघतोस. मग विचार, काय दिसतंय. मग गप्प बस. गप्प बसलं की समोरचा माणूस खरं सांगतो, असं त्यांचं म्हणणं.

हे गप्प बसणं मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. तळोज्याला कारखान्यात काम करणारी एक बाई होती. तिच्या मोबाईलवर एकही धडा उघडेना. साइट सुरक्षित नाही, असा निरोप यायचा. फोनवर मी तिला ब्राउजर काढायला लावला, पुन्हा टाकायला लावला, दोघींच्या नाकी नऊ आले. शेठ मला घेऊन तिच्या घरीच गेले. त्यांनी विचारलं कशावर, त्यांनी विचारलं काय दिसतं, आणि ते चटईवर गप्प बसून राहिले. बाईनं चहा केला. चहा देताना म्हणाली, "बाकी मोबाईल चांगला आहे, फक्त घड्याळ मी हातानं पंधरा मिनिटं पुढं करते. कंपनीची बस चुकते ना."

शेठनी माझ्याकडे बघितलं. भिंतीवरचं घड्याळ पुढे ठेवायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. हिनं ती मोबाईलला लावली होती, आणि त्यासाठी वेळ आपोआप घ्यायची सोय बंद करून ठेवली होती. मधे बॅटरी पूर्ण उतरली आणि तारीख कित्येक वर्षं मागे गेली. बाई तास-मिनिटं लावायची, वर्षाकडे बघायची नाही. त्या मोबाईलच्या हिशेबानं आमच्या साइटचा सुरक्षेचा दाखला अजून निघायचाच होता, म्हणून तो दार उघडत नव्हता. एक बटण दाबलं आणि सगळे धडे सुरू झाले. परत येताना शेठ म्हणाले, "तू तिना दोन तास कामाला लावली. एकदा गप बसली अस्तीस त च्या मिलाला अस्ता."

एवढं शिकूनही मी जे केलं ते केलं.

त्या हिवाळ्यात आमच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत नवा माईक आला. गणिताच्या बाईंचे धडे त्यावर सुरू झाले. शेठच्या घरी पुतणीचं लग्न होतं, त्यामुळे ते पंधरा दिवस फार कमी यायचे. एका दुपारी घाईघाईत वर आले, पिशवी नाही, हातात फक्त काकूंचा मोबाईल. "बाय, गणिताच्या बाईचा आवाज येत नाय. बाकीच्या धड्यांचा येतो."

मी काहीतरी वेगळं करत होते. मी हेडफोन काढून सरळ त्यांच्या कानांवर चढवला आणि तो धडा लावला. आवाज खणखणीत होता.

"येतोय की," मी म्हटलं.

"येतोय खरा," शेठ म्हणाले.

"मग मोबाईलचा स्पीकर गेला असेल."

"गानी वाजतान त्याव."

"मग शेठ, काकूंचा कान तपासून घ्या. वयानं होतं असं."

हे मी बोलले. अगदी सहज बोलले, चेष्टेत नाही आणि मनापासूनही नाही, समोरचं काम लवकर संपावं म्हणून. शेठनी काकूंसाठी कारकुनाला सांगितलं होतं ना, रांग पुढे सरकावी म्हणून, तसंच. शेठनी दुसऱ्या कोणाचं ऐकलं नसतं. एव्हाना त्यांचा माझ्यावर विश्वास बसला होता. त्यांनी भिंतीवर काही लिहिलं नाही. ते खाली गेले, आणि त्या आठवड्यात काकूंना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे थोडं कमी आहे. थोडं कमी कोणाचं नसतं? शेठनी चांगल्यातलं चांगलं कानाचं मशीन घेऊन दिलं. लग्नात काकू ते लावून मिरवल्या, लोकांनी विचारपूस केली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. आणि काकू मुकाट्यानं अभ्यासाला बसत राहिल्या. मशीन लावूनही गणिताच्या बाई कुठेतरी पलीकडच्या खोलीत पुटपुटल्यासारख्याच वाटायच्या. आपला कान गेला, आता कोणाला दोष द्यायचा, असं म्हणून त्या फळ्यावरची गणितं नुसती वहीत उतरवून घ्यायच्या. का आणि कसं, काही नाही. सहा आठवडे त्यांनी असं गणित केलं.

जानेवारी संपत आला तेव्हा शेठ एकदम सकाळी नऊला दारात उभे. मी किल्ली लावत होते. "बाय," ते म्हणाले, "तिना कावला ऐकू येतो."

मला कळेना.

"धड्यात कावला वरडतो, खिडकीत. तो तिना ऐकू येतो. मशीन लावली का आनखी मोठा ऐकू येतो. कावला ऐकू येतो, बाई नाय. कान जेला अस्ता त दोगांचा जेला अस्ता ना?"

त्यांनी पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. बावीसच्या बावीस. गणिताचा तो एकच धडा आम्ही एकेक करून सगळ्यांवर लावला, हेडफोन न घालता. साडू: कावळा. मोठी बहीण: कावळा, पंखा. भाचा: कावळा. धाकट्या मुलाच्या आयफोनला दोन स्पीकर होते, त्यावर बाई ऐकू आल्या, थोड्या पोकळ. बाकी एकवीस मोबाईलवर बाई फळ्यासमोर तोंड हलवत होत्या आणि कावळा ओरडत होता. शेठ एकेक मोबाईल उचलून माझ्यासमोर ठेवत होते.

कारण साधं होतं. माईकची वायर चुकीची जोडली गेली होती, त्यामुळे डाव्या बाजूचा आवाज आणि उजव्या बाजूचा आवाज एकमेकांच्या बरोबर उलटे भरले जात होते. हेडफोन घातला की एका कानाला एक, दुसऱ्याला दुसरा, काही बिघडत नाही. साध्या मोबाईलला स्पीकर एकच. तो दोन्ही बाजू एकत्र करतो, आणि उलट्याला सुलटा भेटला की दोन्ही संपतात. उरलं ते कॅमेऱ्याच्या बारक्या माईकमध्ये लांबून आलेलं पुटपुटणं, आणि खिडकीतला कावळा. ऑफिसात आम्ही चौघं एका खोलीत, सगळे दिवसभर हेडफोन लावून. आमच्यापैकी कोणालाही ते कधीच कळलं नसतं.

शेठना मी हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "दोगं भाव दोरी धरून दोन बाजूला वडतान, त बैल जाग्याव ऱ्हातो." संध्याकाळपर्यंत मी सगळे धडे नीट करून पुन्हा चढवले. आमच्याकडे इतर तक्रारी आल्याच नव्हत्या असं नाही. चार-पाच आल्या होत्या, मी सगळ्यांना हेडफोन लावा म्हणून कळवलं होतं. त्या सगळ्यांना मी एकेक करून फोन केले. एकच फोन मी केला नाही, तो तळमजल्यावर, शेठच्या घरी, काकूंना करायचा होता.

मार्चच्या परीक्षेत काकू पाच विषयांत पास झाल्या. गणितात बावीस मार्क पडले.

शेठ त्या दिवशीही वर आले. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "शेठ, मी काकूंना येऊन सांगते. चूक माझी होती." त्यांनी हातानंच बस म्हणून खूण केली. "तिना काय बोलू नको. मी सांगितलाय काय सांगायचा ता." काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेची मला अजून लाज वाटते.

एवढं मात्र मी केलं, की पुढची परीक्षा होईपर्यंत दर रविवारी काकूंकडे जाऊन बसले. स्वयंपाकघरात, भाकरीच्या परातीशेजारी वही. काकू हुशार होत्या. एकदा कारण कळलं की त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही. ते सहा आठवडे गेले नसते तर त्या मार्चमध्येच पास झाल्या असत्या, हे मला दर रविवारी नव्यानं कळायचं. शेठ बाहेरच्या खोलीत बसून मोबाईल तपासायचे, पण सगळ्यांचे आवाज बंद करून. जुलैच्या परीक्षेत काकूंना सत्तेचाळीस मार्क पडले. शेठनी पेढे वाटले नाहीत. नातवाच्या शाळेत गेले, तिथला जुना फॉर्म मागवून घेतला आणि सुनेच्या अक्षरातला तो शब्द त्यांनी स्वतःच्या हातानं खोडला. शाळेच्या बाई रागावल्या, असं सून सांगत होती.

पुढे आमची कंपनी मोठ्या कंपनीत गेली आणि मी पुण्याला गेले. इथे एक बंद खोली आहे, तिच्यात कपाटं भरून मोबाईल रांगेनं लावलेत, आणि मशीन आपसूक सगळ्यांवर व्हिडिओ चालवून बघतं. हिरवे आकडे, लाल आकडे. त्या मोबाईलना साडू नाही, बहीण नाही. शेठ मला पुण्यालाही फोन करायचे. खुशाली वगैरे नाही, सरळ कामाचं: "बाय, तुज्या नव्या कंपनीचा व्हिडिओ कर्नाल्याच्या घाटात गोल फिरतोय." तो व्हिडिओ माझ्या विभागाचा नसायचा. मी तरी लिहून घ्यायचे, कारण त्यानिमित्तानं ते दहा मिनिटं बोलायचे. दोन वर्षांपूर्वी तो फोन यायचा बंद झाला. छातीत दुखलं, घरच्या घरीच गेले. आता माझ्या मोबाईलवर काही गोल फिरायला लागलं की मी लगेच बंद करत नाही. थोडा वेळ बघत राहते. ते फार आठवतात.

मी काकूंना भेटायला गेले ती दिवस-कार्य उरकल्यावर, पंधरा-वीस दिवसांनी. दुपार होती. काकू एकट्याच पुढच्या खोलीत लसूण सोलत बसल्या होत्या. कानाचं मशीन नव्हतं, ते त्यांनी केव्हाच ठेवून दिलं होतं. मी समोर बसून लसूण सोलायला लागले. बराच वेळ शेठबद्दलच बोललो. मग काकू हसून म्हणाल्या, "येकदाच मी चार दिस त्यांच्यासंग बोल्ली नाय. कवा, ठाव हाय? तो गणिताचा निकाल लागला तवा."

माझा हात थांबला.

"माना बोल्लं, चूक माजी हाय. मी ऑफिसात सांगालाच इसरलो, लगनाच्या गडबडीत. त्या पोरीना सांगितला अस्ता त तिनी येका दिसात करून दिला अस्ता. मी बोल्ली, तुमी कचेरीत बी माजा तसाच केलाव नि आता बी तसाच केलाव. चार दिस भांड्यांचाच आवाज व्हता घरात."

शेठना ज्या शिव्या मिळाल्या होत्या त्या माझ्या वाट्याच्या होत्या. आणि कुठली जखम उघडी पडेल हे पुरतं माहीत असूनही त्यांनी त्या आपल्यावर घेतल्या होत्या.

"काकू," मी म्हटलं, "शेठ विसरले नव्हते. ते आले होते मला सांगायला. त्याच दुपारी आले होते. मी त्यांच्या कानाला हेडफोन लावला आणि म्हटलं, आवाज येतोय, काकूंचा कान तपासा. तो कान मी तपासायला लावला. ते नाही."

काकूंनी सोललेला लसूण वाटीत टाकला. माझ्याकडे बघितलं.

"माना ठाव हाय," त्या म्हणाल्या.

"कोणी सांगितलं?"

"कोन सांगनार? चालीस वर्सां काडली त्यांच्यासंग. तो मानूस कवा कायच इसरला नाय. कोनाचा मोबाईल कवा बिगरला ता सुदा नाय." त्यांनी पदरानं हात पुसले. "मानूस येवरा खोटा बोलतोय, त कोनासाठी बोलतोय ता कलतां ना. मंग मी बी रुसून दावली. रुसली नसती त त्यांना कलला अस्ता, का माना ठाव हाय. मंग खोटा बोलून काय उपेग?"

काकूंनी माझ्यापुढची लसणाची गड्डी उचलून आपल्या ताटलीत घेतली. दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे, शेठ बसायचे तिकडे, एकदा बघितलं, आणि आवाज थोडा खाली आणून म्हणाल्या, "त्यांना मातर सांगू नको हां, माना ठाव व्हता म्हणून."

मी म्हटलं, "नाही सांगणार."